पाटन, पाटण आणि नळाचं पाणी

'पाटन' लिहायला जाते आणि बोटं सवयीनं 'पाटण' लिहून मोकळी होतात. मराठी वाचकाचं पाटण साताऱ्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मला हवं असलेलं पाटन जबलपूरच्या वायव्येला, मोटारीनं तासाभराच्या अंतरावर. तहसिलीचं लहानसं गाव, एक नगर परिषद, आजूबाजूला गहू आणि मटार. माझं बालपण जबलपुरात गेलं, त्यामुळे हे 'न' माझ्या कानाला परकं नाही, पण मराठीत लिहिताना दर वेळी मागे जाऊन अक्षर दुरुस्त करावं लागतं. या लेखाची सुरुवात अशाच एका दुरुस्तीपासून झाली. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला एक उतारा भाषांतराच्या कार्यशाळेसाठी मी मराठीत करत होते, आणि त्या प्रकरणातली गोष्ट पाटनच्या मुलखातली आहे.

पुस्तक 1993चं, दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठाननं काढलेलं. लेखक जन्मानं वर्ध्याचा, 1948चा. कवी भवानीप्रसाद मिश्र यांचा मुलगा. पुस्तकावर स्वामित्व हक्क ठेवला नाही. ज्याला हवं त्यानं छापावं, हवं त्या भाषेत न्यावं. त्यामुळे ते भारतभर इतक्या भाषांत फिरलं की एखाद्या लोककथेसारखी त्याची गत झाली. सुरुवातही लोककथेनंच होते. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई असे चार शेतकरी भाऊ. कूडनची मुलगी रोज दुपारी शेतावर भाकरी घेऊन जाते. एके दिवशी वाटेतल्या टोकदार दगडाची तिला ठेच लागते. चिडून ती विळ्यानं तो दगड उखडू पाहते, तर विळ्याचं सोनं होतं. परीस राजाकडे नेला जातो. राजा परीसही घेत नाही आणि सोनंही घेत नाही. चांगली कामं करा, तळी बांधा, असं सांगून भावांना परत पाठवतो. मग बुढागरला बुढा सागर, मझगवाँला सरमन सागर, कुआँ गावात कौंराई सागर आणि कुंडमला कुंडम सागर. 1907मध्ये गॅझेटियरच्या कामानं फिरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कानावरही ही गोष्ट आली होती, आणि चारही तळी तेव्हा जागेवर होती. आजच्या नकाशावर ही गावं एका तालुक्यात सापडत नाहीत. कुंडम तर स्वतःच तहसील आहे. पण तिथल्याच डोंगरात हिरन नदी उगम पावते, आणि ती पाटनच्या मुलखातून वाहत जाऊन नर्मदेला मिळते. गोष्ट पाण्याचा नकाशा धरून चालते, तहसीलदाराचा नाही.

अडचण आली ती एका शब्दाशी: आगौर. तळ्यात ज्या जमिनीवरून पावसाचं पाणी वाहत येतं ती जमीन. मराठीत 'पाणलोट क्षेत्र' आहे. जलसंधारणाच्या फलकांवर तो शब्द सगळ्यांनी वाचलेला असतो. मी तो लिहिला आणि खोडला. पाणलोट म्हणजे पाणी कुठून कुठे उतरतं ते. आगौर म्हणजे त्या जमिनीवर माणसानं कसं वागायचं तेही: चपला घालून जायचं नाही, शौचाला बसायचं नाही, मेलेलं जनावर टाकायचं नाही. नियम जमिनीच्या नावातच मुरलेला होता. पाळीच्या बाबतीत मराठी जरा बरी आहे. तळ्याची पाळ आपल्याकडेही पाळच, आणि त्यात 'पाळणं' ऐकू येतं, व्युत्पत्ती काहीही असो.

जबलपूर शहराचं बालपण अशाच पाळींवर गेलेलं. गढा-मंडल्याच्या गोंड राजांनी या खडकाळ जागेत तळ्यांची साखळी उभी केली. लोक बावन्न ताल म्हणतात. मी कधी मोजले नाहीत. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल, दिवाण आधारसिंहाचा अधारताल. 1781मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला आणि कारभाराचं ठाणं मंडल्याहून जबलपुरात आणलं. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817मध्ये इंग्रजांकडे. आमच्यासारखी मराठी घरं या ना त्या निमित्तानं तिथे पोचली ती याच वाटेनं किंवा नंतर रेल्वेच्या आणि कारकुनीच्या वाटेनं. मी लहान असताना राणीताल हे एका वस्तीचं नाव होतं, आता तिथे स्टेडियम आहे. भँवरताल म्हणजे बाग. चेरीतालमध्ये पाणी शोधू गेलात तर लोक तुम्हाला टाकीचा पत्ता सांगतील. तळी बुजवली गेली आणि नावं मात्र पत्त्यात उरली.

इथवर लिहिलं की लेख आपोआप एका ठरलेल्या उताराला लागतो: पूर्वी सगळं निर्मळ होतं, मग इंग्रज आले, नळ आले आणि बिघडलं. अनुपम मिश्रांच्या गद्यात अशी जादू आहे की भाषांतर करताना मीही त्या उतारावरून बरीच खाली गेले होते. पण माझ्या आजीला नारू झाला होता. पायाच्या घोट्यावर फोड, आणि त्यातून काडीवर गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा पांढरा दोरा. नारूच्या अळ्या असतात पाण्यातल्या सूक्ष्म सायक्लॉप्समध्ये, आणि तो सायक्लॉप्स पोटात जातो पायऱ्यांच्या विहिरी आणि उघड्या तळ्यांतून, जिथे माणसं पाय बुडवून पाणी भरतात. म्हणजे ज्या पायऱ्यांवर आपण सुंदर निबंध लिहितो त्याच पायऱ्या. देशानं 1983-84मध्ये नारूविरुद्ध मोहीम हाती घेतली. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, त्यांत औषध टाकलं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही नारूग्रस्त राज्यांच्या यादीत होते. शेवटचा रुग्ण 1996च्या जुलैत सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. नारूवर लस नव्हती, आजही नाही. फडक्यानं हा रोग गेला. आजीच्या घोट्यावरचा व्रण मी बोट लावून पाहिलेला आहे, त्यामुळे तळ्यांच्या आरतीत मला टाळी पूर्ण वाजवता येत नाही.

दुसरं कारण जातीचं. आगौराचे नियम पाळणारा समाज तळ्याच्या काठावर कोणाला उतरू द्यायचं याचेही नियम पाळत होता. जोतीराव फुल्यांनी 1868मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे शाळेत वाचलेलं असतं. महाडचं चवदार तळंही वाचलेलं असतं. 20 मार्च 1927 नंतर काय झालं ते कमी आठवतं. डॉ. आंबेडकरांनी आणि सत्याग्रहींनी पाण्याला स्पर्श केल्यावर सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं, एकशे आठ घागरी पंचगव्य तळ्यात ओतून. शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात टाकून ते पाणी 'शुद्ध' झालं! भाषांतर करणाऱ्या माणसानं हा प्रसंग टेबलावर लिहून ठेवावा. शुद्ध, स्वच्छ आणि सुरक्षित हे तीन शब्द सरकारी पत्रकांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पाणी एका अर्थानं शुद्ध असून दुसऱ्या अर्थानं मारक असू शकतं, आणि नितळ असूनही.

जबलपुरात नळ आले ते खंदारी जलाशयातून, 1883मध्ये. डुमनाच्या जंगलातला हा जलाशय अजून आहे. साल लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट कॉख कोलकात्याला आला आणि 1884च्या सुरुवातीला तिथल्या एका तलावाच्या पाण्यात त्याला पटकीचा जंतू सापडला. त्या काळात हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर असलेले कनिंगहॅम यांना पटकी पाण्यातून पसरते हे मान्यच नव्हतं. हवा, जागा, घाण वास यांवर त्यांचा भर. म्हणजे जबलपूरच्या लोकांना बंद नळातून पाणी मिळू लागलं तेव्हा त्यामुळे नेमकं काय टळतं याबद्दल खुद्द सरकारचंच एकमत नव्हतं. पुढे 1892मध्ये हाम्बुर्गमध्ये पटकीनं आठ हजारांवर माणसं गेली आणि शेजारचं आल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. नदी एकच, एल्बे. आल्टोना पाणी वाळूतून गाळत होतं, हाम्बुर्ग नव्हतं. त्यानंतर वाद फारसा उरला नाही. आग्र्याला हँकिन नावाचा रसायनतज्ज्ञ विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायला सांगत होता. आमच्या आजीच्या बोलण्यात ती 'लाल दवा' शेवटपर्यंत होती. विहिरीचं पाणी जांभळट दिसलं की तिला धीर यायचा. रंग दिसतोय, म्हणजे कोणीतरी येऊन गेलंय.

इथे मला माझ्या आत्याबद्दल लिहायचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. महाकोशलातलं एक छोटं शहर, तिथे ती लग्न होऊन गेली. माहेरी आडाचं पाणी, सासरी नळ. आजी शेजारणींना सांगायची, हिला आता रहाटाचा दोर ओढायला नको, हिच्या घरात नळ आहे. 1984च्या पावसाळ्यात आत्या आठव्या महिन्यात होती. तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली, मूलही गेलं. त्या गल्लीत आणखी वीसेक जणांना कावीळ झाली होती, ते सगळे बरे झाले. मी चार वर्षांची होते. घरात कारणं सांगितली जात ती उष्णतेची, नजरेची, सासूनं पपई खाऊ दिली त्याची. त्या सासूशी आमच्या घरानं वीस वर्षं संबंध ठेवला नाही.

नेमकं कारण मला कळलं ते पोटासाठी घेतलेल्या एका कामात. आरोग्यविषयक अहवालाचं इंग्रजीतून मराठी भाषांतर, शब्दावर पैसे. त्यात दिल्लीच्या साथीचा परिच्छेद होता. 1955च्या नोव्हेंबरात यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पाणीउपशाच्या जागी पोचलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना ते कळलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. डिसेंबर आणि जानेवारीत शहरात काविळीचे सुमारे 29,300 रुग्ण झाले. विषमज्वर आणि हगवण मात्र वाढली नाही. क्लोरीननं जीवाणू मारले, विषाणू त्यातून सुटला. तो विषाणू कोणता, हे पुढची पंचवीस वर्षं कळलं नव्हतं. जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासल्यावर तो ओळखीच्या दोन काविळींपैकी नाही हे 1980मध्ये जाहीर झालं. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे संशोधक होते, त्यांत खोर्शेद पावरी होत्या. 1983मध्ये बालायान या रशियन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि विषाणू पकडला. (असं वाक्य भाषांतरात आलं की आपण मूळ दोनदा वाचतो.) आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. बहुतेकांना तो काही आठवडे पिवळा करून सोडून देतो. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर पाचांतली एक दगावू शकते. हे वाक्य मराठीत आणताना मी थांबले. वीस जण बरे झाले आणि एकटी आत्या का गेली याचं उत्तर त्या एका ओळीत होतं, आणि त्यात पपई नव्हती.

आजी तेव्हा हयात होती. मी तिला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नळाचं पाणी तर सरकारी असतं ना गं?"

सरकारी पाणी नळापर्यंत येताना काय होतं, हे समजायला बोलीभाषा पुरते. जबलपुरात सकाळी गल्लीत हाक उठते, 'नल आ गए'. मराठीतही 'नळ आला', 'नळ गेला' म्हणतात. येतं आणि जातं ते पाणी. नळ भिंतीतच असतो. भारतातल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसाचा तास-दोन तास येतं, काही ठिकाणी दिवसाआड. उरलेला वेळ जमिनीतली नळी रिकामी असते. भरलेल्या नळीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, त्यामुळे भोक असलं तर पाणी बाहेर गळतं. पैसे वाया जातात, माणूस वाचतो. नळी रिकामी झाली की उलट होतं. शेजारच्या गटाराचं पाणी त्याच भोकातून आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरात येतं. जुन्या वस्त्यांत नळी आणि गटार एकाच अरुंद गल्लीतून, कधी एकमेकांवरून जातात. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी चोख निघालं तरी हे घडू शकतं. म्हणून आपल्या बायका पहिल्या दोन बादल्या सोडून देतात किंवा धुण्याला वापरतात. कुणी शिकवलेलं नसतं.

2012च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हजारो माणसांना कावीळ झाली, काही दगावली. पंचगंगेतली घाण आणि गळक्या वाहिन्या, दोन्हींकडे बोट दाखवलं गेलं. आत्याच्या गल्लीनंतर अठ्ठावीस वर्षांनी, तोच आजार. यंत्रमागांचं श्रीमंत गाव आणि पाण्याची ही तऱ्हा, हे मला समजायला जड गेलं. आणि त्याच पश्चिम महाराष्ट्रात, आपल्या 'ण'च्या पाटणहून खाली कराडला उतरलं की मलकापूर आहे. लहानशा नगरपंचायतीनं घरोघर मीटर लावले आणि चोवीस तास पाणी दिलं. लोकांना वाटतं ही चैन आहे. खरं तर नळी कधीच रिकामी होऊ न देणं हीच यातली निम्मी सुरक्षा आहे.

नळ न पोचलेल्या गावांसाठी हातपंप आला. इंडिया मार्क टू या पंपाची घराणी जालना आणि सोलापूरची. तिथे दुष्काळी भागासाठी घडवलेल्या पंपांवरून तो सत्तरच्या दशकात तयार झाला. जमिनीखालचं पाणी, हात न लागलेलं, जंतू नसलेलं. तळी आणि विहिरी मागे टाकून गावं पंपाकडे वळली. मग मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात मुलांचे गुडघे आत वळू लागले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रानं तपासलं तेव्हा पंपाच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. फ्लोराइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि पाणी उकळून ते जात नाही. संशोधकांनी पाण्याचा स्रोत बदलायला लावला आणि मुलांच्या आहारात कॅल्शियम वाढवलं, त्यासाठी चकोड्याची भाजी खायला सांगितली. चकोडा म्हणजे आपला टाकळा. पावसाळ्यात कोकणात रस्त्याच्या कडेला उगवतो तोच.

परीस, लाल दवा, क्लोरीन, हातपंप. प्रत्येक वेळी वाटलं की आता विळ्याचं सोनं झालं, यापुढे काही बघायला नको. क्लोरीनचंच घ्या. भारतीय मानक म्हणतं की घरातल्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात नसावेत. 'उरलेलं' हा शब्द महत्त्वाचा. वाटेत घाण शिरली तर क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात संपून जातं. नळाला ते उरलं नसेल तर वाटेत काहीतरी घडलंय. दिल्लीचा अनुभव असा की ते उरलं म्हणून सगळं ठीक असेलच असंही नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत टीसीएलची पोती असतात. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर काही आठवड्यांत नुसता चुना होऊन बसते. ती टाकीत ओतल्याची नोंद मात्र वहीत पक्की असते.

गेल्या हिवाळ्यात पाटनला जाऊन आले. कार्यशाळेतला उतारा छापायचा होता आणि आगौर शब्द अजून अडून बसलेला होता. तिथून पुढे एका गावात गेले. त्याचंही नाव नको. जलजीवन मिशनचा नळ अंगणापर्यंत आलेला, आणि योजनेत असतं तसं गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण दिलेलं. त्यांच्यातली एक, साधारण माझ्याच वयाची, मला तपासणीची पेटी दाखवत होती. तिच्याकडे एक छोटी बाटली होती. पाणी भरून उबेला ठेवायची; एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याची शंका. ही साधी युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982मध्ये जगापुढे मांडली, आत्याच्या दोन वर्षं आधी. ती म्हणाली, "दीदी, हम तो बोतल आटे के डिब्बे के पास रखते हैं, वहाँ गरमी रहती है।"

मी तिला विचारलं, तुमच्या बोलीत आगौर म्हणतात का? तिनं शब्द ऐकलेला नव्हता. मी अर्थ सांगितला, चपला, गुरं, सगळं. ती म्हणाली, तसं आता टाकीभोवती तार आहे.

मग तिनं नोंदवही उघडली. तारीख, नळाची जागा, क्लोरीन, बाटलीचा रंग. अक्षर नीटस. सात महिन्यांच्या नोंदींत बाटली तीनदा काळी झाली होती, तिन्ही वेळा एकाच कोपऱ्यातल्या नळाची. तिन्ही वेळा तिनं वर कळवलं होतं. कळवल्याची तारीखही होती. शेवटचा रकाना होता 'की गई कार्यवाही'. तो तिन्ही ओळींत कोरा होता. त्या नळावर पाणी भरणाऱ्या चार घरांना तिनं स्वतःच जाऊन सांगितलं होतं की पाणी उकळा, आणि त्यांतल्या एका घरात सून पोटुशी होती म्हणून तिथे ती रोज सकाळी जाऊन विचारत असे, उबाला क्या?

उताऱ्यात मी आगौर तसाच ठेवला आहे, मराठी केलेला नाही.